लमदुआन मावशीच्या नावावर मी लावलेल्या पैजा

काल पुन्हा एका दीडशहाण्याने विचारलंच. मावशी नव्या मंडईच्या फाटकाबाहेर उन्हात बसून साच्यातून नारळाच्या दुधाचे गोड आप्पे चमच्याने सोडवत होती आणि हा समोर उभा राहून म्हणतो, "काय मावशी, आज कुणावर लावू? टीप द्या की!" बाजूचे चार जण खी खी हसले. मावशीने मान वर केली नाही. "सहा देऊ की बारा?" एवढंच विचारलं.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मोटरसायकल तशीच रस्त्यात उभी करून मी गेलो. म्हटलं, "ए, तिने जन्मात एक बाट लावलेला नाही. लावले ते मी. विचारायचं तर मला विचार." तर तो निर्लज्ज म्हणतो, "बरं मग तू सांग, कुणावर लावू?" दोन ठेवून दिल्या असत्या. पण वर्षभर नीट वागायची हमी कोर्टात लिहून दिली आहे, हात उचलला की आत. म्हणून हात खिशात घातले आणि घरी येऊन हे लिहायला बसलो. ज्याला हसायचंय त्याने आधी हे वाचावं, मग खुशाल हसावं.

मी योद. थायलंडमधल्या पिचितच्या जुन्या बाजाराच्या तोंडाशी नारंगी बंडी घालून मोटरसायकलवर माणसं वाहतो. माझ्या थांब्यासमोरच लमदुआन मावशीची आप्प्यांची गाडी असायची. नात्याने ती माझी कोणी नाही. पण दहा वर्षं रोज पहाटे पहिला घाणा निघाला की ती हाक मारायची, "योद, खाल्लंस का काही?" आणि खाल्लंय म्हटलं तरी केळीच्या पानात चार आप्पे हातावर टेकवायची. मग मी तिचा कोळसा आणून द्यायचा, नारळाची पोती उतरवायचा, तिला फोन कळत नाही तेव्हा फोन बघून द्यायचा. एवढं नातं होतं. पुष्कळ होतं.

तिची कथा बाजारात सगळ्यांना माहीत आहे, तरी सांगतो, कारण हसताना लोक तीच विसरतात. मावशी भातशेतीवाल्या घरची. नवरा प्रासान, दिसायला राजबिंडा, हाताला आळशी. फुटबॉलच्या चिठ्ठ्या भरायचा. तेव्हा फोनबिन नव्हते, कागदाच्या चिठ्ठ्या असायच्या, न्हाव्याच्या दुकानात मिळायच्या. कोणता संघ कुणाला अर्ध्या गोलाची सूट देणार, कोणता दीडची. फ्रान्समध्ये विश्वचषक झाला त्या उन्हाळ्यात प्रासानने अकरा राय शेत, म्हणजे चार एकरांच्या वर, त्या चिठ्ठ्यांवर घालवलं. ज्या देशाचं नाव त्याला धड घेता येत नव्हतं, त्या देशाच्या गोलरक्षकाने चेंडू सोडला आणि इकडे मावशीच्या आईची जमीन गेली. नंतर प्रासानही गेला, दक्षिणेला रबराच्या कामावर, तो परत आलाच नाही. मावशी एक बिडाचा साचा घेऊन शहरात आली आणि रस्त्याच्या कडेला बसली. सत्तावीस वर्षं बसली.

तेव्हापासून तिचा फुटबॉलवर असा दात की विचारू नका. देवळाच्या पटांगणात पोरं चेंडू खेळायला लागली की ही गाडीचं तोंड फिरवून बसायची. महिन्यातून दोनदा अख्खा बाजार सरकारी लॉटरीची तिकिटं घेतो, भिक्खूंकडून नंबर काढून आणतो. हिने कधी तिकिटाला हात लावला नाही. "मला लागायचं ते लागून गेलं," म्हणायची.

आता माझं ऐका. माझं तोंड काळं करायला मला कोणी लागत नाही.

मला फुटबॉलवर पैसे लावायचा नाद लागला फोनवर. आपल्याकडे तो धंदा बेकायदा आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण फोन उघडला की तीच जाहिरात, सिनेमा बघायला गेलं की तीच जाहिरात. नाव नोंदवायला काय लागतं? एक फोन नंबर, एक बँक खातं आणि खात्यावरचं नाव. बस्स. पैसे भरायचे कुठल्याही किराणा दुकानातून, फोनच्या वॉलेटमध्ये टाकून. पण जिंकलेले पैसे येणार ते नोंदवलेल्या नावाच्या खात्यातच. आणि इथेच माझी गोची होती. माझ्या खात्याला गाडीच्या हप्त्याची दोरी बांधलेली. दोन हप्ते थकलेले. खात्यात शंभर बाट आले तरी फायनान्सवाले ओढून घ्यायचे.

मग मी काय केलं? समोर बघितलं. मावशीच्या गाडीवर पैसे घ्यायची पाटी लटकत होती. ती पाटीही मीच तिला छापून आणून दिली होती. पाटीवर तिचं नाव, आडनाव, खात्याचा नंबर, सगळं ठळक. मी बाकावर बसल्या बसल्या ते फोनमध्ये भरलं. चोरी केल्यासारखं वाटलंच नाही! रोज दिसणारी पाटी, त्यावरचं रोजचं नाव. मनात म्हटलं, मावशीचं जातंय काय? उलट तिच्या खात्यात पैसे येतीलच.

पैसे यायचे तेव्हा मी जाऊन सांगायचा, "मावशी, एका गिऱ्हाइकाने माझं भाडं तुझ्या खात्यावर टाकलंय, माझं खातं बंद आहे ना." ती पत्र्याच्या डब्यातून रोख काढून द्यायची. मोजूनही बघायची नाही, विचारायचीही नाही. सातशेचं भाडं कुठलं, नऊशेचं कुठलं, असं माणूस एकदा तरी विचारेल. पण आमच्याकडे असं विचारणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर संशय फेकणं. त्याला ओशाळं वाटेल म्हणून आम्ही गप्प बसतो. मला हे माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तर तिची निवड केली, आणि ही गोष्ट मला अजून झोपू देत नाही.

आणखी एक सांगतो. पैसे भरायला वॉलेट चाललं नाही, की ते लोक चॅटवर एक खातं पाठवायचे. रोज नवीन. आज कुण्या बाईचं नाव, उद्या कुण्या म्हाताऱ्याचं. मी पाच महिने ती नावं वाचत होतो. हा कोण, ही कोण, यांनी आपलं खातं विकलं की कुणी त्यांच्या गाडीवरची पाटी वाचली, असा विचार या टाळक्यात एकदाही आला नाही.

हे असं चाललेलं असताना नगरपालिकेने जुना रस्ता मोकळा करायचं काढलं. नदीकाठी पत्र्याची नवी मंडई बांधली. जुन्या विक्रेत्यांना पहिला हक्क, पण साठ हजार बाट अनामत शुक्रवारी चारच्या आत भरायची. नाही भरली तर गाळा पुढच्या नंबराला, आणि जुन्या रस्त्यावर गाडी लावायची नाही ती नाहीच. मावशीला सतरा नंबरचा गाळा आला होता. कोपऱ्याचा, दोन्ही बाजूंनी गिऱ्हाईक येणारा. बाई तीनदा जाऊन तो बघून आली. जमिनीवर खडूने खूण करून आली, शेगडी इथे, नारळ इथे. सत्तावीस वर्षं ऊन खाल्लेल्या बाईच्या डोक्यावर पहिल्यांदा स्वतःच्या हक्काचं छप्पर येणार होतं. खात्यात चौऱ्याऐंशी हजार होते, आप्पे विकून साठवलेले. आणि गाळे भलत्याच लोकांच्या नावाने लाटले जातात म्हणून पालिकेने नियम केला होता की अनामत ज्याचा गाळा त्याच्याच खात्यातून आली पाहिजे. रोख नाही, दुसऱ्याचं खातं नाही.

सोमवारी मी तिला मागे बसवून बँकेत नेलं. नवा झगा घातला होता तिने. खिडकीतल्या मुलीने नंबर टाकला, पडद्याकडे बघितलं आणि तिचा आवाजच बदलला.

"मावशी, हे खातं गोठवलंय."

"म्हणजे काय गं बाळ?"

"म्हणजे पैसे काढता येणार नाहीत. भरता येणार नाहीत."

"कुणी गोठवलं? तुम्ही?"

"आम्ही नाही. वरून आलंय. या नंबरवर फोन करा."

"पण पैसे माझेच आहेत ना?"

"तुमचेच आहेत, मावशी."

"मग दे की."

ती पोरगी बिचारी पडद्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, दुसऱ्या बँकेत नवीन खातं उघडू. तीन बँका फिरलो. नाव टाकलं की दार बंद. त्या नावाच्या बाईचं खातं आता देशात कुठेच उघडणार नव्हतं.

फोन लावला. पाऊण तास गाणं ऐकवलं मेल्यांनी. मग एक बाई बोलली. दक्षिणेच्या टोकाला, मलेशियाच्या हद्दीजवळच्या एका ठाण्यात गुन्हा दाखल आहे. तिथल्या एका शिक्षिकेला फोनवरून कुणी तरी फसवलं, तिचे पैसे दहा खात्यांतून फिरले, त्यातले अठराशे पन्नास बाट नऊ तारखेला लमदुआनच्या खात्यात आले. अठराशे पन्नाससाठी चौऱ्याऐंशी हजार अडकवले! त्या शिक्षिकेला लुटणारे चोर कुठल्या देशात बसून मजा मारताहेत देव जाणे, आणि पकडली कोण, तर आप्पेवाली.

आकडा ऐकला आणि मला ती चिठ्ठी आठवली. नऊ तारीख, अठराशे पन्नास. एका चिठ्ठीवर पाच सामने, पाचही बरोबर आले होते. मी त्या दिवशी नाचलो होतो. सट्टेवाले एकाकडून लुबाडलेले पैसे दुसऱ्याला बक्षीस म्हणून देतात, हे मला तेव्हा कुठे कळलं.

तिथे बाकावर मावशी माझ्या शेजारी बसली होती. मी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा. आणि म्हणालो, "थांब, पाणी आणतो." पाणी आणून दिलं. मी एक नंबरचा भेकड माणूस. दुसऱ्याचं खातं असल्या धंद्यात वापरलं की तीन तीन वर्षं आत टाकतात असं ऐकून होतो. मनात म्हटलं, मावशी निरपराध आहे, पोलिस सोडतीलच, मग मला सांगायची वेळच येणार नाही. माझी अक्कल किती पळत होती बघा.

मंगळवारी गावच्या ठाण्यात गेलो. हवालदार जागचा हलला नाही. "केस आमची नाही. तिकडे जा."

"साहेब, ते हजार किलोमीटरवर आहे," मावशी म्हणाली.

"मग मी इकडे आणू का?"

तिने त्यालाही हात जोडले. बाहेर आल्यावर म्हणाली, "योद, तू येशील ना बरोबर? तुझं भाडं बुडेल, ते मी देईन." मी म्हटलं, येतो. तोंडाने एवढंच निघालं.

बुधवारी सकाळची गाडी धरली. बँकॉकला गाडी बदलली, रात्रभर लाकडी बाकावर बसून गुरुवारी सकाळी पोचलो. वाटेत ती मला समजावत होती! "घाबरू नकोस. काही तरी चूक झाली असेल. आपण खरं सांगितलं की झालं." दर दोन तासांनी खांद्यावरच्या पिशवीतून गाळ्याचा कागद काढून बघायची. त्यावर सतरा नंबर आणि शुक्रवार, चार वाजता.

ठाण्यातल्या फौजदार बाई तरुण होत्या, टेबलावर फायलींचा डोंगर. त्यांनी कागदांची चळत मावशीपुढे सरकवली.

"नऊ तारखेला अठराशे पन्नास कसले आले?"

"आप्प्यांचेच असतील, बाई. कुणाच्या तरी घरच्या कार्याचे."

"पाच महिन्यांत अशी तेवीस कार्यं? आणि पैसे देणारे सगळे सट्टेवाल्यांचे खातेदार?" बाईंनी पडदा तिच्याकडे वळवला. "हे बघा. फुटबॉलच्या सट्ट्यावर तुमच्या नावाने नोंद आहे. नाव तुमचं, खातं तुमचं. स्वतः खेळलात की खातं भाड्याने दिलंत, एवढंच सांगा. दिलं असेल तर इथे सही करा."

मावशी पडद्यावरचं स्वतःचं नाव वाचत होती. ओठ हलत होते. त्या नावाच्या बाजूला फुटबॉलचं चित्र होतं, गोल फिरणारं.

"फुटबॉल?" ती म्हणाली. "बाई, फुटबॉलने माझ्या आईचं शेत खाल्लं हो."

"सगळे असंच काहीबाही सांगतात, मावशी. मला आज अशा अकरा केसेस आहेत."

तेव्हा मावशी माझ्याकडे वळली. संशयाने नाही. संशयाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "योद, तू सांग ना यांना. तू रोज बघतोस मला."

मग माझ्याने राहवेना. मी सांगितलं. पाटी, नाव, वॉलेट, हप्ते, भाड्याची खोटी बतावणी, सगळं ओकलो. फौजदार बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मी खुर्चीतून उतरून मावशीच्या पायांवर डोकं टेकवलं. आमच्यात धाकट्याने असं जमिनीवर लोटांगण घातलं की मोठ्याने डोक्यावर हात ठेवून माफ करायचं, ही रीतच आहे. न केलं तर मोठ्यालाच लोक नावं ठेवतात. मावशीने पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"उठ," ती म्हणाली. "आधी सही कर."

मी सही केली. चार पानांवर, माझ्या अक्षरात. मग मावशीने विचारलं, "बाई, आता उद्या चारपर्यंत खातं उघडेल?"

फौजदार बाईंचा आवाज आता मऊ झाला होता. "मावशी, मी पत्र आत्ता पाठवते. पण बँकेला कामाचे तीन दिवस लागतात. म्हणजे मंगळवार." मग त्या माझ्याकडे वळल्या आणि तो मऊपणा गेला. "आणि हेच जर यांनी सोमवारी तुमच्या गावच्या ठाण्यात लिहून दिलं असतं ना, तर ते त्याच दिवशी मला मिळालं असतं. आज खातं मोकळं असतं. इथवर यायचीही गरज नव्हती."

खोलीत पंखा फिरत होता. मावशीने गाळ्याचा कागद काढून पुन्हा पिशवीत ठेवला. बाईंनी तिला विचारलं, "याच्यावर तुमची वेगळी तक्रार घेऊ? की घरातलाच आहे, मिटवताय?"

"घरातला नाही," मावशी म्हणाली. "घ्या."

बरं केलं तिने. लोक मला म्हणतात, म्हातारीचं काळीज दगडाचं, दहा वर्षं ओळखीच्या पोराला कोर्टात उभं केलं. गप्प बसा रे! ज्याचं जळतं त्याला विचारा. तिने तक्रार केली नसती तर मी चार दिवस रडलो असतो आणि पाचव्या दिवशी दुसऱ्या कुणाची तरी पाटी वाचली असती. मी मला ओळखतो.

मला हजर राहण्याच्या अटीवर सोडलं. परतीची तिकिटं आधीच एकत्र काढलेली होती, त्यामुळे शुक्रवारी दुपारी आम्ही बँकॉकहून वर येणाऱ्या गाडीत समोरासमोर बसलो होतो. खिडकीबाहेर भाताची खाचरं पळत होती. मावशी त्यांच्याकडे बघत होती, माझ्याकडे नाही. पावणेचारला तिचा फोन वाजला. पालिकेचा कारकून होता. त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता. चांगला माणूस, स्वतःहून आठवण करायला फोन केला होता.

"मावशी, सतरा नंबरचं काय? पैसे दिसत नाहीत. मोबाईलच्या कव्हरवाला मुलगा इथे पैसे घेऊन उभाच आहे. भरताय ना?"

मावशीने फोन दुसऱ्या कानाला लावला. "नाही जमलं," ती म्हणाली. "द्या त्याला."

"मावशी, पंधरा मिनिटं आहेत अजून—"

"द्या म्हटलं ना."

तिने फोन पिशवीत टाकला. गाळ्याचा कागद काढला, चार घड्या घातल्या आणि बाकाच्या फटीत सारून दिला. मला वाटलं आता ती शिव्या देईल. मला शिव्या हव्या होत्या. दोन थोबाडीत मारल्या असत्या तर मी तिचे हात धरून आणखी मार म्हटलं असतं. पण अगदी साध्या आवाजात तिने विचारलं, "सोमवारी बँकेत मला पाणी आणून दिलंस, तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो, मावशी."

"मग का नाही बोललास?"

"घाबरलो होतो."

तिने मान हलवली, जणू हे उत्तर तिला पटलंच.

"मीही घाबरले होते, योद," ती म्हणाली. "म्हणून तर तुला बरोबर घेतलं."